ॲडमिन काका, तो फोटो क्लिअरच आहे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात मराठी वधू-वर व्हॉट्सॲप ग्रुप चालवणाऱ्या सगळ्या काकांना, मावश्यांना, ताई-दादांना,

नमस्कार.

मी वडगावची. तुमच्या पाच ग्रुपवर आहे, तीन ठिकाणी बायोडाटा टाकलाय, दोन ठिकाणी अजून नुसतं वाचत असते. मागच्या रविवारी त्यातल्या एका ग्रुपसाठी माझा नवीन फोटो पाठवला आणि दहा मिनिटात ॲडमिन काकांचा पर्सनलवर मेसेज आला, "बाळ, फोटोत ओठाच्या वर काहीतरी आलंय, डाग पडल्यासारखं, जरा क्लिअर फोटो पाठव म्हणजे ग्रुपवर टाकतो." काका चांगले आहेत हे मला आधीच सांगायचंय. रिटायर झाल्यावर स्वतःच्या पैशानं रिचार्ज मारून हे काम करतात, कुणाकडनं एक रुपया घेत नाहीत, त्यांच्यामुळं आमच्या गल्लीतच दोन लग्नं जमलीत. म्हणून हे त्यांच्याविरुद्ध नाही. पण उत्तर त्यांना एकट्याला दिलं तर तिथंच संपेल आणि मला ते तुम्हा सगळ्यांना द्यायचंय.

काका, तो फोटो क्लिअर आहे. तो डाग नाही, तो माझा ओठ आहे.

जन्मतःच माझा वरचा ओठ डाव्या बाजूनं नाकापर्यंत फाटलेला होता आणि आत टाळूपण. आमच्या शेजारच्या कन्नड बायका सीळुतुटी म्हणायच्या, शाळेत पोरं फाटकी म्हणायची, डॉक्टरांच्या फाईलवर दुभंगलेला ओठ आणि टाळू असं आहे. जगात साधारण ७०० बाळांमागं एक असं जन्मतं, म्हंजे तुमच्या ग्रुपवर जर हजार हजार माणसं असतील तर मी काय एकटी नसणार, बाकीचे गप्प असतील एवढंच. ओठ मी आठ महिन्यांची असताना शिवला. टाळूचं ऑपरेशन मात्र सहाव्या वर्षी झालं, कारण वडील मागावर कामाला, पैसा नव्हता, आणि आज्जीनं यल्लम्माच्या डोंगरावर नवस बोललेला, तो फिटेपर्यंत थांबायचं असं घरात ठरलं. आता मला माहितीय की टाळू दीड वर्षाच्या आत शिवतात, मूल नीट बोलायला लागायच्या आधी, कारण टाळूला फट असली की हवा तोंडात थांबत नाही, नाकातनं निघून जाते, आणि मग प, ब, ट, ड, क, ग असले आवाज निघतच नाहीत. म आणि न तेवढे चांगले येतात कारण ते नाकातलेच. त्यामुळं "ब" म्हणायला गेलं की "म" होतो. सहा वर्षाची होईपर्यंत मी आमच्या बाबांना मामा म्हणत होते. मला ते बाबाच ऐकू यायचं. ऑपरेशननंतर एक मॅडम पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून बुडबुडे काढायला लावायच्या, मग आरशावर फुंकर, मग "पापा, बाबा, काका", रोज संध्याकाळी अर्धा तास. एके दिवशी बाबा मागावरनं आले आणि मी हाक मारली, ते दारातच उभे राहिले, चप्पल पण काढली नाही. उशिरा झाल्यामुळं थोडं राहिलंच. अजून मी जरा गेंगाणी बोलते. भराभर बोलले की समोरचा दोनदा विचारतो.

आता ग्रहणाचं. हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण स्थळ बघायला आलेल्यांतल्या निम्म्या लोकांनी आईला हाच प्रश्न विचारलाय, "ग्रहण पाळलं नव्हतं काय हो?" १९९५ ची दिवाळी, २४ ऑक्टोबरला सकाळी सकाळी सूर्यग्रहण होतं, आपल्याकडं खंडग्रास दिसलं. आई पाचव्या महिन्यात. उरलेल्या पिठाच्या शंकरपाळ्या तिनं त्या वेळेत कातणानं कापल्या आणि म्हणून पोरीचा ओठ कापला गेला, असं आज्जी मरेपर्यंत सांगत होती आणि आई मान खाली घालून ऐकत होती. मी जन्मले मार्च १९९६ ला. पोटातल्या बाळाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्याच्यानंतर, पण तीही पहिल्या तीन महिन्यातच. म्हणजे ते ग्रहण लागलं तेव्हा माझा ओठ जुळायचा होता तो जुळून आणि राहायचा होता तो राहून दोन महिन्यांच्या वर होऊन गेले होते. का राहतो, तर काही घरात रक्तातनं येतं, काही वेळा फिटच्या काही गोळ्या, आईचा डायबेटिस, सिगरेट असली कारणं असतात, आणि बऱ्याचदा डॉक्टरांना पण एक असं कारण सांगता येत नाही. ही आठवड्यांची गोष्ट मी लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर वाचली आणि आईला कॅलेंडर घेऊन बोटांवर मोजून दाखवली. ती काहीच बोलली नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत पंचवीस वर्षांनी आमच्या घरात शंकरपाळ्या झाल्या. कातण तिनं टाकलं नव्हतं, डब्यात खाली जपून ठेवलेलं होतं.

मोबाईलचं खरं सांगायचं तर माझा सगळ्यात सुखाचा काळ तो मास्कचाच. उद्यमबागला एका वर्कशॉपमध्ये मी टॅलीवर बिलं करते, तिथं नवीन आलेली पोरं माझ्याशी डोळ्यात बघून बोलायची. नेहमी माणूस आधी डोळ्यात बघतो, मग नजर ओठावर येते, मग पटकन बाजूला जाते. ते बाजूला जाणं मला रोज दिसतं. मास्कमध्ये ते बंद झालं. त्याच दिवसात मी इन्स्टाग्रामवर आले आणि फिल्टर सापडला.

फिल्टर कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक असेल नसेल, तो तोंडावरचे ठिपके धरतो, डोळ्याचे कोपरे, नाक, ओठाच्या कडा, आणि त्याच्या मापाच्या चेहऱ्यासारखा तुमचा चेहरा करून देतो, कातडी गुळगुळीत, नाक सरळ, ओठ दोन्ही बाजूला सारखा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्री एक वाजेपर्यंत झोपले नाही. मला वाटलं, ही मी असते. पण मान जास्त वळवली किंवा पाण्याचा ग्लास तोंडाला लावला की त्याला ओठ सापडत नाही, तो थरथरतो, आणि एक सेकंद खरा ओठ दिसतो. म्हणून मी मोबाईलसमोर कधी पाणी प्यायले नाही, कधी काही खाल्लं नाही. वर्षभर. आता हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

शिवजयंतीच्या चित्ररथाच्या एका जुन्या व्हिडिओखाली निपाणीकडच्या एका मुलाशी बोलणं सुरू झालं. रोज रात्री त्याचा मेसेज यायचा, "काय करुलालायस?" एवढ्यावर दिवसभराचा शीण जायचा. त्याच्या घरची शेती, त्याच्या म्हशीचं आजारपण, माझ्या ऑफिसातली भांडणं, आम्ही सगळं बोलायचो. तो व्हॉइस नोट पाठवायचा, मी टाईप करायची. मी म्हणायची घरात सगळे झोपलेत, बोलता येत नाही. वर्षभर आमच्या घरातले सगळे सारखे झोपलेलेच होते. फोटो पाठवायचे ते फिल्टरचे. मला तो आवडत होता, त्यालाही मी आवडत होते असं मला आजही वाटतं.

शेवटी तो बसनं बेळगावला आला. किल्ला तलावाजवळ भेटलो. मी त्याच्या आईसाठी कुंदा घेऊन गेले होते. त्यानं मला ओळखलं नाही, मीच हाक मारली, आणि मग आवाजपण त्यानं पहिल्यांदाच ऐकला. तो वाईट काही बोलला नाही. अर्धा तास बसला, कुंदा घेतला, बसची वेळ झाली म्हणून उठला. रात्री मेसेज आला, "ओठाचं मला काय वाटलं असतं ते मलाच माहीत नाही, पण तू मला ठरवू दिलंच नाहीस. वर्षभर मी कुणाशी बोललो तेच कळेना झालंय." आणि ब्लॉक केलं.

सहा महिने मी त्याचा राग राग केला. मैत्रिणींना सांगितलं की ओठ बघून पळाला. आता मी तसं सांगत नाही. तो ओठ बघून गेला की खोटं बघून गेला हे मला कधीच कळणार नाही, आणि ते कळायचा रस्ता मीच बंद केला होता, हे जास्त लागतं.

पण मी खोटं का बोलले, ते पण बघा ना. मी काय मुळात लबाड पोरगी नाही. तुमच्या ग्रुपवर रोज सकाळी जे येतं ते मी पाच वर्षं वाचतेय. "अपेक्षा, गोरी, उंच, निर्व्यंग." मुलींच्या बापांचं पण तेच, "मुलगा निर्व्यंग व निर्व्यसनी." फॉर्ममध्ये एक ओळ असते, "व्यंग असल्यास नमूद करावे," मी एकदा प्रामाणिकपणे नमूद केलं तर त्या महिन्यात तीन फोन आले, एक ४६ वर्षांचे, बायको वारलेली, दोन मुलं, आणि मध्यस्थ बाई आईला म्हणाल्या, "आता ह्यात ॲडजस्ट करायलाच लागतंय की." ते गृहस्थ वाईट असतील असं मी म्हणत नाही, त्यांना पण कुणीतरी पाहिजेच. पण माझं वय तेव्हा २६ होतं, मी कमावते, घर चालवते, माझ्या कुठल्याच गोष्टीकडं कुणी बघितलंच नाही, ती एक ओळ वाचली आणि माझी किंमत ठरली. मग दुसऱ्या ग्रुपवर ती ओळ मी कोरी सोडली आणि फिल्टरचा फोटो लावला, आठवड्यात अकरा फोन. तुम्हीच सांगा, पोरगी काय शिकेल ह्याच्यातनं?

आणि लपवायचं शिकलं की पुढचं काय होतं ते पण सांगते, कारण हे फक्त माझ्यापुरतं नाही. निपाणीच्या प्रकरणानंतर फेसबुकवर एक जण भेटला, पुण्यात नोकरीला आहे म्हणायचा. ह्या वेळी मी ठरवलेलं की आधीच खरं सांगायचं, म्हणून त्याला एकट्याला खरा फोटो पाठवला. तो म्हणाला, मला चालतंय, मन बघतो मी. तीन आठवड्यांनी ८००० रुपये मागितले, मी कारण विचारलं तर म्हणाला, तुझा फिल्टरचा आणि खरा, दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून तुमच्या वडगावच्या ग्रुपवर टाकतो. मी पाठवले पैसे. माझाच चेहरा माझ्याच गल्लीत दिसू नये म्हणून मी ८००० रुपये दिले, ज्या गल्लीत मी जन्मापासून त्याच चेहऱ्यानं दूध आणायला जाते. दुसऱ्यांदा १५००० मागितले तेव्हा मात्र भावाला सांगितलं, त्यानं १९३० ला फोन लावला, ऑनलाईन फसवणुकीचा तो सरकारी नंबर आहे, तुमच्या सगळ्या ग्रुपवर पिन करून ठेवा. पण आम्ही फोन करायला फार उशीर केला, पैसे काय परत आले नाहीत. माझ्यासारख्या किती जणी, आणि मुलंपण, टक्कल झाकणारी, तिरळेपणा झाकायला सतत गॉगल लावणारी, कोडाचे डाग झाकायला उन्हाळ्यात फुल शर्ट घालणारी, अशीच कुणाच्या तरी हातात सापडली असतील, आणि लाजेनं बोलत नसतील.

एक मैत्रीण मिळाली ती मात्र अचानक. चंदगड तालुक्यातली आहे. लहानपणी चुलीवरचं कढत पाणी सांडून तिचा गाल आणि मान भाजलेली, ती तशीच व्हिडिओ टाकते, भाकरी थापताना, काजू सोलताना, काही झाकत नाही. खाली घाण घाण कमेंट येतात, ती वाचते, एखाद्याला उत्तर देते, बाकी सोडून देते. मी तिला घाबरत घाबरत लिहिलं की माझा ओठ असा असा आहे. तिनं काहीच न विचारता व्हिडिओ कॉल लावला. मी कट केला. तिनं परत लावला. तिसऱ्यांदा उचलला, फिल्टर नाही काही नाही, आणि ती पहिलं वाक्य बोलली ते, "जेवलीस काय गे?" आम्ही दीड तास बोललो. मधे मला तहान लागली म्हणून मी पाणी प्याले, आणि ग्लास खाली ठेवल्यावर लक्षात आलं की मी कॅमेऱ्यासमोर पाणी प्याले. ती बोलतच होती, तिला काही कळलं पण नाही.

आता ती दर दोन महिन्यांनी येते, आम्ही कपिलेश्वरला जातो, बाजार करतो. लग्नाचं अजून काही जमलं नाही, तिचंपण नाही. पण मला अजून पाहिजे, हे मी लाजत नाही सांगायला. मला नवरा पाहिजे, रात्री दमून आल्यावर कुणीतरी काय करुलालायस म्हणणारं पाहिजे, आणि त्याला मी पहिल्या दिवसापासून अशीच दिसलेली पाहिजे. कुणाला नाही आवडलं तर नाही आवडलं, सगळ्यांना आवडलंच पाहिजे असा हट्ट नाही माझा. मलाही सगळे आवडत नाहीत. पण नाही म्हणायचं तर त्यानं बघून म्हणावं, फोटो ग्रुपवर यायच्या आधीच तुम्ही त्याच्या वतीनं म्हणू नका.

म्हणून मागते ते एवढंच. अपेक्षेतला तो "निर्व्यंग" शब्द तुम्ही बायोडाटा टाकताना काढून टाका, लोक लिहून पाठवतील, तुम्ही काढा, तुम्ही ॲडमिन आहात, जाहिराती आणि गुड मॉर्निंग काढता तसा तोपण काढता येतो. आणि "व्यंग असल्यास नमूद करावे" च्या जागी "तब्येतीबद्दल आधी सांगायचं असेल ते" असं लिहा, आणि ते सगळ्यांनाच भरायला लावा, कारण शुगर असलेला मुलगा कोरं सोडतो आणि मला नमूद करायला लागतं हे बरोबर नाही. फोटो कुणाचाच घासूनपुसून मागू नका. ज्याला बोलायला येतं त्याची अर्धा मिनिट व्हॉइस नोट घ्या. आणि आमच्यासारख्यांना "तुमच्यासाठी वेगळा ग्रुप आहे" म्हणून लिंक पाठवू नका. तो ग्रुप चालवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, ज्यांना तिथं बरं वाटतं त्यांनी जावं. मला माझ्या गल्लीच्या, माझ्या गावाच्या ग्रुपवर राहायचंय. १९५६ ला आपला हा मराठी भाग कन्नड राज्यात घातला, तेव्हापासून आपण भांडणारी माणसं आहोत, आमची भाषा आहे तशी धरा, कागद आमच्या भाषेत द्या, आम्हाला बदलून घेऊ नका म्हणून. हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

अजून एक. ज्या घरात असं बाळ जन्मलंय आणि ते लपवून ठेवलंय, त्यांना तुमच्या ग्रुपवरनं निरोप द्या की थांबू नका, नवस करा पण डॉक्टरपण करा. २०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे धरलंय, अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणी होते, पुढचा उपचार फुकट होतो, काही संस्था पण ही ऑपरेशनं फुकट करतात. आशा ताईला विचारलं तरी चालतं. माझ्या लहानपणी ही सोय असती आणि आईबाबांना कुणी सांगितलं असतं तर बाबांना ती हाक चार वर्षं आधी ऐकायला मिळाली असती.

ह्या पत्राबरोबर माझा बायोडाटा परत पाठवतेय. जन्म मार्च १९९६, उंची ५ फूट २ इंच, बी.कॉम., नोकरी उद्यमबाग, मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बोलते, स्वयंपाक बरा येतो, गाडी चालवते. फोटो मागच्या रविवारचाच आहे, आईनं काढलाय, आमच्या गच्चीवर, सकाळच्या उन्हात. आणि सोबत २८ सेकंदाची व्हॉइस नोट आहे, त्यात मी माझं नाव, बाबांचं नाव आणि गाव सांगितलंय, कुठं कळलं नाही तर परत एकदा ऐका, दुसऱ्या वेळी नीट कळतं.

काका, रविवारी सकाळी दहाला तुम्ही नवीन बायोडाटा टाकता ना, तेव्हा हा टाका. मी ऑनलाईन असेन.

तुमच्या ग्रुपमधलीच एक,
वडगाव, बेळगाव